मालक लोणीला असतात

दुर्गाबाई कुंजिरांशी माझी ओळख भांडणाने झाली. माझ्या बऱ्याच ओळखी तशाच झाल्या आहेत, आणि ज्या गोडीगुलाबीने झाल्या त्या फारशा टिकल्या नाहीत, त्यामुळे त्याचं मला काही वाटत नाही.

कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर, पंक्चरवाल्याच्या शेजारी, एक गाळा बरेच दिवस बंद होता. एके सकाळी त्याला हिरवा रंग लागला आणि वर पाटी चढली: 'अन्नदा भाजीपाला उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था मर्यादित, लोणी काळभोर. पुणे विक्री केंद्र.' पाटी गाळ्यापेक्षा रुंद होती. शेवटची दोन अक्षरं पंक्चरवाल्याच्या हद्दीत गेली होती आणि तो त्यावरून आधीच कुरकुरत होता. मी म्हटलं, चला, भाजी कशी आहे ते तरी बघू.

आत हिरव्या क्रेटांच्या रांगा, आणि एका उलट्या क्रेटवर बसलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली बाई. मी सवयीप्रमाणे भेंडीपाशी गेले आणि सवयीप्रमाणेच एकेका भेंडीचं टोक मोडून बघायला लागले.

"ताई, भेंडी मोडू नका."

"मग कोवळी आहे की जून, ते मला कसं कळणार?"

"मला इचारा की."

"तुम्ही विकायला बसलात. तुम्ही कशाला जून म्हणाल?"

"मोडल्याली भेंडी मागनं कुणी घेत न्हाई, ताई. मालक रागावत्यात."

झालं. मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात 'शांतता राखा' म्हणत नोकरी केली आहे. खिडकीवरच्या माणसाशी वाद घालत बसायचं नाही, सरळ वर जायचं, हे मला तिथेच कळलं. मी विचारलं, "कुठे आहेत तुमचे मालक?"

"मालक लोणीला असत्यात."

"फोन नंबर द्या त्यांचा."

तिने एका झटक्यात दिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी तिच्यासमोरच फोन लावला. पलीकडे पाण्याची मोटार चालू होती आणि माणूस तिच्यावरून ओरडत होता.

"आपण मालक का? कर्वेनगरच्या भाजीच्या दुकानाचे?"

"हां, हां. मालकच की. बोला."

"तुम्ही इथे जी बाई बसवली आहे ना, ती गिऱ्हाइकांशी फार उद्धटपणे बोलते."

त्याने मोटार बंद केली. मग तो माणूस म्हणाला, "व्हय. घरीबी तशीच हाय."

मी दुर्गाबाईंकडे बघितलं. त्या अत्यंत गंभीर चेहऱ्याने मेथीच्या जुड्या लावत होत्या. खेड्यातल्या बायका नवऱ्याला 'मालक' म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण रागात माणसाला माहीत असलेलं आठवत नाही. मी फोन ठेवला, पाव किलो भेंडी घेतली, न मोडता, आणि घरी आले. भेंडी कोवळी निघाली, त्याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. काही झालं तरी भेंडी चांगली होती. म्हटलं, "नवरा कळला. आता दुकानाचा मालक कोण, ते सांगा."

"त्येच की ओ. त्ये आन् गावातलं समदं शेतकरी." आणि त्यांनी मला सांगायला घेतलं. लोणीच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी एकेक शेअर घेऊन ही संस्था काढली. ज्याचा शेअर तो सभासद, जो सभासद तो मालक. कुणाचं रान मोठं असो की कुणाचं एवढंसं, मत एकालाही एकच आणि दुसऱ्यालाही एकच. कारभार बघायला सभासदच आपल्यातले संचालक निवडून देतात, त्यांच्यातलाच एक चेअरमन. रोज पहाटे संस्थेच्या शेडवर माल येतो, काट्यावर चढतो, टेम्पो भरून कर्वेनगरला. विकून येईल त्यातून खर्च वजा जाता उरलं ते ज्याने जेवढा माल घातला त्या मानाने परत त्याच्याकडे. प्रत्येक क्रेटला पिकवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असे. वांगी किडकी निघाली तर दुर्गाबाई तिथून फोन लावत आणि त्या शेतकऱ्याला गिऱ्हाइकासमोर झापत.

"म्हणजे तुम्हीही मालक," मी म्हटलं.

"मी न्हाई. मालक मालक हायेत. मी मालकांची." आणि त्या खळखळून हसल्या. मीही हसले.

त्या गाळ्यात त्या कशा आल्या, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. संस्था निघाली तेव्हा पुण्याला दुकानात बसायला एकही बाप्या तयार होईना. रानात राबायची कुणाची ना नव्हती, पण 'घ्या ताई, ताजा पालक' असं कुण्या अनोळखी बाईला म्हणायचं म्हणजे सगळ्यांचं नाक कापलं जात होतं. बैठकीत सगळे गप्प बसले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, कोंडीरामच्या बायकोला पाठवा, तिचं तोंड चालतं. म्हटलं होतं चेष्टेनं. दुर्गाबाई दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोत चढून बसल्या.

आणि त्यांना ते दुकान आवडलं! मला त्यांनी हे स्वतः सांगितलं, अगदी लाजून, चोरून काही केल्यासारखं. लग्न झाल्यापासून सकाळ म्हणजे शेण, चूल, रान. इथे माणसं यायची, बोलायची, चाकवत कसा करायचा ते विचारायची. सुरुवातीला चाकवत आणि चुका यांतला फरक न कळणाऱ्या पोरी त्यांच्याकडून अंबाडीची भाजी शिकून गेल्या. आमच्या सोसायटीतल्या बायका एकमेकींशी बोलत नाहीत, पण दुर्गाबाईंशी सगळ्या बोलायच्या. मी तर रोज जायचे. भाजी हवी असो नसो.

एकदा गणपती उठल्यानंतरच्या दिवसांत दुर्गाबाई खुशीत दिसल्या. आदल्या दिवशी संस्थेची वार्षिक सभा झाली होती. त्यांचे मालक, म्हणजे कोंडीराम, घरी आले ते फुलून. "माईकवर माझं नाव घेतलं," म्हणे. "पुरं नाव. बापाच्या नावासकट. मी उठून नमस्कार केला."

"कशासाठी घेतलं?" मी विचारलं.

"कुठल्याशा इषयाला अनुमोदक म्हणून. कुठल्या, त्ये त्यास्नी आठवंना. जिलबीच्या जरा आधीचा म्हणाले."

सभेत एखादा ठराव मांडतो तो सूचक, आणि त्याला दुजोरा देतो तो अनुमोदक. दोन्ही नावं असल्याशिवाय ठराव पुढे जात नाही. आमच्या सोसायटीतही हेच आहे. तिथे आमचे हे सेक्रेटरी आहेत, म्हणजे खुर्चीत हे बसतात आणि सभेचं इतिवृत्त मी लिहिते. समोर जो दिसेल त्याला अनुमोदक करायचं, ही युक्ती मलाही ठाऊक होती. त्यामुळे मी फक्त जिलबी कशी होती तेवढं विचारलं.

उन्हाळ्यात तो ठराव उगवला. संचालक मंडळाने ठरवलं की पुण्याचा गाळा आता एका ठेकेदाराला चालवायला द्यायचा. पाटी संस्थेचीच राहील, आत माणसं त्याची. माल कुणाचा घ्यायचा, किती घ्यायचा, तो ठरवणार. करार मात्र येत्या वार्षिक सभेत मंजूर करून घ्यायचा. आणि असं ठरवायचा अधिकार मंडळाला दिला कुणी? गेल्या सभेने, एकमताने. अनुमोदक, श्री. कोंडीराम कुंजीर.

दुर्गाबाईंनी हे सांगितलं आणि तराजू बाजूला सरकवला.

"माझ्या नवऱ्यानं माझं दुकान दिऊन टाकलं, ताई. नमस्कार करून दिलं."

"तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? च्या दिते, भाकर दिते. बोलत न्हाई." मग म्हणाल्या, "मी परत गवार तोडायला जाऊ व्हय? मला नगं. मला हितंच बसायचं हाय."

मी म्हटलं, "मग सभेत जा आणि उठून विरोध करा."

"मी कशी जाऊ? मी सभासद कुठं हाय?"

शेअर घ्यायचा तर शेतकरी असावं लागतं. शेतकरी म्हणजे ज्याच्या नावाचा सातबारा, जमिनीचा उतारा, तो. दुर्गाबाईंनी त्या जमिनीत आयुष्य घातलं होतं, पण उताऱ्यावर नाव एकच होतं, कोंडीराम. भेंडी पेरणारी त्या, तोडणारी त्या, विकणारी त्या, आणि ती मोडली तर रागावणारे मालक मात्र लोणीला. मला 'मी मालकांची' म्हणतानाचं ते हसू आठवलं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

त्या आठवड्यात कोंडीराम स्वतः टेम्पोबरोबर आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. उंच, वाळके, डोक्याला टोपी, आणि बायकोसमोर उभे राहिलेले अगदी वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. दुर्गाबाईंनी माझ्यासमोरच विषय काढला. मी निघाले तर मला हाताने थांबवलं.

"माझं नाव लावा सातबाऱ्यावर. जादा न्हाई, एक तुकडा."

"लोक काय म्हणतील?"

"माईकवर नाव घेतलं तवा काय म्हणाले लोक?"

कोंडीराम भेंडीच्या क्रेटकडे बघत राहिले. त्यांच्या चुलतभावाने आधीच ऐकवलं होतं, बायकोच्या नावावर जमीन म्हणजे बायको नवऱ्याच्या डोक्यावर. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "अहो कोंडीराम, एवढं काय घाबरायचं? नाव लावलं म्हणून दुर्गाबाई जमीन काय उचलून माहेरी घेऊन जाणार आहेत?"

ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत जरासाही टोमणा नव्हता. खरोखरच मदत मागितल्यासारखं ते म्हणाले, "तुमी शिकल्या-सवरल्याल्या. तुमच्या घराला तुमचं नाव हाय का, ताई?"

 पुण्यात जन्म काढलेली बाई वाद अर्धा टाकून, भाजीची पिशवी उचलून निघाली, हे मी इथे लिहून ठेवते.

घरी आले. हे पेपर वाचत होते. मी विचारलं, "अहो, आपल्या फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव आहे का?"

"नसावं," हे म्हणाले. "तेव्हा घाईत राहून गेलं. का गं?"

"म्हणजे सोसायटीच्या सभेत मला मत नाही."

"तू इतिवृत्त लिहितेस की. आणि फरक काय पडतो? माझं ते तुझंच."

"मग उद्या मी विकून टाकते."

हे पेपरच्या आड गेले. मी मात्र रात्रीचा स्वयंपाक होईपर्यंत धुसफुसत होते. ज्या सभेत कोण काय म्हणालं ते मी वर्षानुवर्षं शुद्ध मराठीत लिहीत आले, त्या सभेत मला हात वर करायची सोय नव्हती. आमची सोसायटीही सहकारीच आहे. पाटीवर लिहिलं आहे तसं.

दुर्गाबाई आणि कोंडीराम यांच्यात त्यानंतरही बरेच दिवस चहा-भाकरीपलीकडे बोलणं नव्हतं. मग एके सकाळी मी गाळ्यात असतानाच कोंडीराम टेम्पोतून उतरले. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला, तराजूखाली सरकवला आणि क्रेट उतरवायला गेले. दुर्गाबाईंनी कागद उलगडला. सातबारा होता. विहिरीजवळच्या तुकड्यावर दोन नावं होती.

"भेंडीचं वावर," त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. मग बाहेर जाऊन नवऱ्याला विचारलं, "च्या घेता का?" घरी तर त्या रोजच चहा देत होत्या, पण हा चहा वेगळा होता हे त्या दोघांनाही कळलं आणि मलाही.

शेअरचा अर्ज त्यांनी चेअरमनच्या हातात दिला. चेअरमन दत्तप्रसाद, वयाने तरुण, पुण्यात शिकलेला, माणूस वाईट नाही. गाळ्याचं वीजबिल, फुटके क्रेट, सुट्टीला कोण बसणार, या सगळ्याने तो वैतागला होता आणि ठेका म्हणजे त्याला सुटका वाटत होती. अर्ज बघून तो हसला. "काकू, घ्या की शेअर. पण एका मतानं काय होणार?"

"न्हाई झालं काय तर जिलबी मिळंल," दुर्गाबाई म्हणाल्या.

सभेला मी गेले. हे गाडी चालवतो म्हणाले, म्हणून तेही आले. संस्थेच्या शेडमध्ये काटा बाजूला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. आम्ही बाहेरचे, म्हणून मागे कांद्याच्या पोत्यांजवळ खुर्च्या मिळाल्या. बायका होत्या, पण थोड्या, आणि एका कडेला. दुर्गाबाई त्यांच्यात बसल्या नाहीत. त्या पुढे जाऊन सभासदांच्या ओळीत बसल्या, नवऱ्यापासून जरा लांब. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले, मतदान माझं असल्यासारखी.

शेडच्या मागे जिलबी तळायला घेतली होती. तो वास आला आणि सभेला वेग आला. सचिवांनी माईक हातात घेतला.

"विषय पहिला. मागील सभेचे इतिवृत्त वाचून का..."

"मंजूर!"

"विषय दुसरा. अहवाल सालाचा ताळे..."

"मंजूर! मंजूर!"

असं चाललं होतं. एकही वाक्य शेवटपर्यंत जात नव्हतं. हे माझ्या कानात म्हणाले, "आपल्या सोसायटीपेक्षा बरं आहे. इथे निदान माणसं येतात." मी त्यांना गप्प केलं, कारण तो विषय आला होता.

"पुणे विक्री केंद्र ठेक्याने चालवण्यास देण्याच्या करा..."

"मंजूर!"

"नामंजूर."

एकच आवाज. मोठाही नव्हता. पण त्या शेडमध्ये हा शब्द बहुधा कुणी ऐकलाच नव्हता. मागच्या कढईचा चर्रर्र आवाज स्पष्ट यायला लागला.

"कोण म्हणालं?" सचिवांनी विचारलं.

दुर्गाबाई उठल्या. "मी. दुर्गाबाई कोंडीराम कुंजीर. सभासद." शेवटचा शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला.

दत्तप्रसाद म्हणाला, "बोला काकू, काय म्हणणं आहे?"

"आधी इषय पुरा वाचा. सूचक कोण, अनुमोदक कोण, त्येबी वाचा. मग बोलते."

सचिवांनी वाचला. पहिल्यांदाच एक ठराव पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला गेला, आणि लोकांनी तो ऐकला. केंद्र कुणाला, कसं, माल निवडायचा हक्क कुणाचा. शेवटी सचिव म्हणाले, "सूचक, संचालक आनंद कुंजीर. अनुमोदक..." आणि तिथे ते अडखळले. बिचाऱ्यांनी गेल्या वर्षीचीच नावं उतरवून काढली होती. "अनुमोदक, श्री. कोंडीराम कुंजीर."

शेड फुटेल असं हसू झालं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. कोंडीरामांचे कान लाल झाले होते. ते उठले, टोपी सारखी केली.

"मला कुणी इचारलं न्हाई," ते म्हणाले.

सचिवही चिडले. "गेल्या वर्षीही विचारलं नव्हतं. तेव्हा तुम्ही नमस्कार केलात."

"व्हय. चुकलं. तवा मला नाव ऐकू आलं, इषय ऐकू आला न्हाई. औंदा दोनीबी ऐकलं." ते बायकोकडे बघत नव्हते, सरळ माईककडे बघत होते. "माझं अनुमोदन न्हाई."

दत्तप्रसादने विचारलं, "बरं. मग दुसरं कोण देतंय अनुमोदन?"

आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. चेअरमनची नजर ज्याच्याकडे जाईल तो खाली बघायला लागला. कुणाला पायाचा अंगठा सापडला, कुणाला सतरंजीचा दोरा. ओरडायला सगळे होते, नाव लावायला कुणी नव्हतं. ठराव ऐकल्यावर तो अंगाला लावून घेणं आता अवघड झालं होतं.

दुर्गाबाई बोलल्या त्या थोडंच बोलल्या. "ठेकेदार चांगला माणूस असंल. पन त्याला ज्याची मेथी पायजे त्याची घेईल. बाकीच्यांनी मेथी कुठं न्यायची? कुणीतरी आपली मेथी घ्यावी म्हणून आपन संस्था न्हाई काढली. आपली आपन इकावी म्हणून काढली. आन् दुसरं. मला त्या गाळ्यात बसायला आवडतं. हेबी सांगते. त्यात लाज कसली?"

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे खुर्चीसाठी चाललंय समदं!"

"खुर्ची कुठली बाबा. क्रेटवर बसते मी."

पुन्हा हसू झालं, पण दत्तप्रसाद हसला नाही. तो म्हणाला, "काकू, पटलं तरी प्रश्न तोच. तुम्ही एकट्या. बिलं, क्रेट, सुट्ट्या, हे बघायला माणूस कुठंय?"

"हितं बसल्यात की समदे." त्यांनी हात फिरवून सगळी शेड दाखवली. "उपसूचना लिहून घ्या. केंद्र संस्थेनंच चालवायचं. आन् ज्याचा माल त्यानं पाळीनं येऊन दुकानात बसायचं. बाप्यांनीबी. सूचक, मी."

 मघाशी माणसं लाजली होती, आता घाबरली. पुण्याला, कर्वेनगरला, बायकांना 'घ्या ताई पालक' म्हणायचं! सचिवांनी हलकेच विचारलं, "अनुमोदक?"

कढई चर्रर्र करत राहिली. दुर्गाबाई उभ्याच होत्या. त्यांचा पदर मुठीत घट्ट धरलेला मला मागून दिसत होता, आणि मला वाटलं, संपलं.

"अनुमोदक, कोंडीराम कुंजीर," कोंडीराम म्हणाले. "इषय ऐकला हाय."

"मंजूर!" सवयीनं कुणीतरी ओरडलं.

"थांबा!" दुर्गाबाई कडाडल्या. "मंजूर मंजूर काय करताय? हात वर करा. मोजू द्या."

मोजलं. उपसूचना थोडक्या मतांनी मंजूर झाली. बरेच हात खालीच राहिले, आणि सचिवांना 'एकमताने' हा शब्द खोडून 'बहुमताने' लिहावं लागलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कांद्याच्या पोत्यांजवळ बसले होते म्हणून बरं, कुणाला संशय आला नाही. ह्यांना आला, ह्यांनी आपला रुमाल दिला.

हल्ली गाळ्यात रोज कुणी ना कुणी बाप्या असतो. परवा त्या आनंद कुंजिरांची पाळी होती. एवढा मिशीवाला माणूस, 'ताई' म्हणताना भाजीकडे बघून म्हणायचा. दुर्गाबाई त्याला म्हणाल्या, "कोथिंबिरीला नगा सांगू, गिऱ्हाइकाला सांगा." दुपारपर्यंत तो बरा बोलायला लागला होता.

मी तिथेच होते. आमच्या वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली शेफाली म्हणून एक मुलगी आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. ती थेट भेंडीपाशी गेली आणि टोकं मोडायला लागली.

"मोडू नका, बाई," दुर्गाबाई म्हणाल्या.

"अहो आँटी, मग चेक कसं करणार? ओनर कुठे आहेत? मालक? मला फीडबॅक द्यायचाय."

मी कान टवकारले. दुर्गाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"मालक मीच. बोला."

"नाही, म्हणजे... तुमचे मिस्टर वगैरे नाहीत का?"

"हायेत की," दुर्गाबाई म्हणाल्या. "आमचे अनुमोदक लोणीला असत्यात."

मुलीला काही कळलं नाही. तिने पाव किलो भेंडी घेतली, न मोडता. मी हसत हसत घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हेही हसतील. टेबलावर सोसायटीचा एक अर्ज पडला होता, फ्लॅटला दुसरं नाव लावण्याचा. तो मीच आदल्या दिवशी आणून ठेवला होता आणि त्याबद्दल काही बोलले नव्हते. ह्यांनी तो उचलला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"सूचक कोण?" हे म्हणाले.

"मी."

मग ह्यांनी विचारलं, पेन कुठे आहे.